गंगेत सोडलेली गोळी

कस्तुराबाईचा चेहरा पुन्हा सावळा व्हायला लागलाय, हे सगळ्यात आधी ईश्वरीच्या लक्षात आलं.

झरीच्या शिवारात दोघी सासू-सुना हरभऱ्याची भाजी खुडत होत्या. थंडीचे दिवस, पण ऊन वर चढलं होतं. कस्तुराबाईने पदर मागे सारून कपाळ पुसलं आणि ईश्वरीचा हात शेंड्यावरच थांबला. दोन वर्षं रोज बघितलेला चेहरा तिला क्षणभर वेगळाच वाटला. गोळी सुरू झाल्यापासून आत्याबाईंचा रंग उजळत उजळत पार गव्हाळ झाला होता. शेजारची गीताबाई तर वाटेत अडवून म्हणायची, "कस्तुरे, कोणती पावडर लावायलीस, मलाबी सांग की." डोळ्यांखाली सकाळी सकाळी फुगवटा यायचा. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, ह्या गोळीनं काहींच्या बाबतीत असं होतं, घाबरू नका.

आता फुगवटा नव्हता. आणि गालांवर, मानेवर, जुना रान-उन्हातला रंग परत आला होता.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, बरं झालं, तब्येत सुधारली. ईश्वरीचं तसं नव्हतं. लेक शिवकन्या झाल्यापासून तिला बघत राहायची खोडच लागली होती. पोरीच्या छातीचा भाता कसा हलतो, नखं गुलाबी आहेत का, शी कोणत्या रंगाची, सगळं ती बघायची. नवरा योगीराज पूर्ण्याला रेल्वेत होता. ड्यूटीवरून आला की म्हणायचा, "तुला सिग्नलवर बसवलं पाहिजे. एक गाडी चुकायची न्हाई." तीच नजर आता सासूच्या चेहऱ्यावर अडकली.

"आत्याबाई, गुडघे अजून दुखायलेत का?"

"थंडीनं दुखायलेत," कस्तुराबाई मान खाली घालून म्हणाली. "हात चालव. भाजी उन्हानं मलूल व्हायली."

ईश्वरीने हात चालवला, पण डोकं दोन वर्षं मागे गेलं होतं.

तेव्हा कस्तुराबाईला चार घासांतच पोट भरल्यासारखं व्हायचं. डाव्या कुशीत पाटा ठेवल्यागत जड लागतं म्हणायची. कुणी म्हणालं गॅस, कुणी म्हणालं नाळ सरकली. परभणीच्या दवाखान्यात रक्त बघितलं, तर पांढऱ्या पेशी जिथे हजारांत असायच्या तिथे लाखांत निघाल्या, आणि कुशीतला तो पाटा म्हणजे फुगलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, निघाली. तिथून संभाजीनगरला पाठवलं. कमरेच्या हाडात सुई घालून आतला रस काढला आणि निदान झालं, रक्ताचा कॅन्सर. सावकाश चालणारा, पण कॅन्सरच.

रक्ताच्या डॉक्टर होत्या हेमाताई. वयाने ईश्वरीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी ईश्वरीला कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. कधीतरी, हाडाच्या आत, एका पेशीत, नऊ नंबरच्याचं टोक तुटून बावीसला चिकटलं आणि बावीसचं नऊला. का, ते कुणालाच सांगता येत नाही. त्या एका पेशीच्या झाल्या लाखो. ईश्वरी बी.एस्सी. होती. परभणीच्या कॉलेजात कांद्याच्या मुळाची स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखाली बघत ती हीच गुणसूत्रं पेन्सिलीने काढायची, आणि काढता काढता मैत्रिणीशी गप्पा मारायची. त्या रेघोट्या कुणाच्या कमरेत जिवंत असतात आणि एवढीशी अदलाबदल झाली की माणूस आतून सुकायला लागतो, हे तिला तिथे बसल्या बसल्या पहिल्यांदा कळलं. तिने घाबरत विचारलं होतं, "हे माझ्या नवऱ्यात, माझ्या मुलीत उतरतं का?" नाही, म्हणाल्या हेमाताई. जन्मानंतर, ह्यांच्या एकट्यांच्यात झालंय. ते तिथंच राहतं.

कस्तुराबाईला समजावणं मात्र ईश्वरीवर पडलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून ती म्हणाली होती, "पेशी तयार करायचं एक बटन असतं आत्याबाई. हवं तेव्हा चालू, नको तेव्हा बंद. तुमच्यात त्या अदलाबदलीनं ते कायमचं चालूच राहिलंय."

"म्हंजे भुजंगच्या मोटारीगत," कस्तुराबाई लगेच म्हणाली. शेजारच्या भुजंगने विहिरीवरच्या मोटारीला वायर डायरेक्ट जोडली होती. लाइट आली की मोटार सुरू, बंद करायला कुणी नाही. विहीर आटली आणि गहू पाण्याने पिवळा पडला. "मग गोळी काय करती?"

"गोळी त्या बटनावर बोट दाबून बसते. रोज नवी गोळी, रोज नवं बोट."

कस्तुराबाई हातातल्या गोळीकडे कितीतरी वेळ बघत राहिली होती. "येवढीशी," म्हणाली. "आन् तिला रस्ता कसा घावतो?"

ईश्वरीलाही तेच कोडं होतं. महिनाभरात कुशीतला पाटा विरघळला. लाखांतलं गणित हजारांवर आलं. दर तीन महिन्यांनी एक खोलातली तपासणी व्हायची, हजारो पेशींत ती बिघडलेली एखादी तरी उरली आहे का, ते शोधणारी. तीही सापडेना इतकी कमी झाली होती. जेवण झालं की तांब्याभर पाण्याबरोबर गोळी, ती ईश्वरीने आपल्या हाताने द्यायची, हा घरातला नेमच होऊन गेला.

तो नेम पावसाळ्याच्या शेवटी मोडला. शिवकन्येला तापात झटके आले, फुप्फुसात कफ भरला, आणि ईश्वरी तिला घेऊन परभणीच्या दवाखान्यात जाऊन राहिली. परत आल्यावर कस्तुराबाईच म्हणाली, "तू पोरीकडं बघ. माझी गोळी माझी मी घेत जाईन." ईश्वरीला ते सोयीचंच वाटलं होतं.

दुपारी जेवणं झाली. सासरे माणिकराव हात धुऊन ओट्यावर गेले. ईश्वरी शिवकन्येला मांडीवर घेऊन मुद्दाम समोरच बसून राहिली. कस्तुराबाई भाकरीचा शेवटचा तुकडा खाऊन, पाणी पिऊन उठायला लागली.

"गोळी राहिली, आत्याबाई."

कस्तुराबाई उठता उठता परत बसली. तिला खोटं बोलायचं वळण नव्हतं. ताटातली बोटं तिने एक एक करून निपटली.

"तू इचारणार, मला ठावं होतं. तुह्या नजरेतून मांजर सुटत न्हाई. मी गोळी बंद केलीय. गंगेला दिली."

"पाण्यात टाकल्या?"

"औषध कोण पाण्यात टाकतं का, येडे. संदुकीत हायत सगळ्या. मी घेणं सोडलं. पोरगी दवाखान्यात होती तवा गंगाखेडला जाऊन सोडलं."

ईश्वरीला काय झालंय ते कळायला वेळ लागला नाही, कारण हा रिवाज तिला माहीत होता. घरात कुणाच्या जिवावर बेतलं की इकडची माणसं गंगाखेडला गोदावरीत, म्हणजे इकडच्या गंगेत, उतरतात, ओंजळीत पाणी घेतात आणि आपल्या आवडीचं काहीतरी सोडतात. परत कधी तोंडाला लावत नाहीत. गीताबाईने लेकासाठी आंबा सोडला होता. माणिकरावांनी योगीराजच्या दहावीला कारलं सोडलं होतं, आणि कारल्याचा त्यांना पहिल्यापासून तिटकारा. त्यावरून कस्तुराबाई आजही त्यांना बोलायची, तुमी गंगेला बी फसवलं म्हणून.

"गोळी काय आवडीची वस्तू आहे का?" ईश्वरीचा आवाज फाटला.

"मग माझ्यापाशी दुसरं काय व्हतं मोलाचं?" कस्तुराबाई शांतपणे म्हणाली. "भेंडी सोडू? पोरीचे डोळे फिरले व्हते, ईश्वरे. मी म्हणलं, बाई, माझं आयुष्य ह्या गोळीत हाय. हे घे आन् तिचं तिला दे. दिलं तिनं. आता मी माघारी कशी घेऊ?"

शिवकन्या ताटातला भाताचा एक एक दाणा वेचून आजीच्या पायाच्या अंगठ्यावर ठेवत होती. ईश्वरी तिच्याकडे बघत राहिली. ह्या पोरीसाठी रात्र रात्र जागणारी आपणच एकटी, असं ती इतके दिवस समजत होती. तिच्या काळजीपेक्षा कितीतरी मोठं काहीतरी ह्या घरात, चुलीपाशी, कुणाला न सांगता रोज बसून होतं, आणि तिच्या नजरेला ते दिसलंही नव्हतं. तिला राग येत होता, भीती वाटत होती, आणि त्या दोन्हींच्या खाली, वाकून नमस्कार करावासा वाटत होता.

योगीराजला फोन केला. तो म्हणाला, "तू समजाव. माझं ती ऐकत असती तर मी रेल्वेत कशाला गेलो असतो, अजून शेतातच नसतो का."

दवाखान्यात यायला कस्तुराबाईची ना नव्हती. गोळी सोडली होती, दवाखाना नव्हे. शिवकन्येला माणिकरावांकडे ठेवून दोघी परभणीहून संभाजीनगरच्या गाडीत बसल्या.

हेमाताईंनी आधी कुशीत हात घालून बघितलं. पानथरी अजून हाताला लागत नव्हती. मग रक्त तपासायला घेतलं. रिपोर्ट बघितल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गुडघे दुखतात? गोळी बंद आहे ना?"

कस्तुराबाईने जे होतं ते सांगितलं. गंगा, ओंजळ, पोरीचे फिरलेले डोळे. ईश्वरी वाट बघत होती, आता ओरडतील. हेमाताई ओरडल्या नाहीत.

"नात कशी आहे आता?" त्यांनी विचारलं.

"लय वांड झालीय."

"चला, तुम्हाला काहीतरी दाखवते."

शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शक होता. आधी ईश्वरीने डोळा लावला. फिकट गुलाबी तांबड्या पेशींची रांगोळी, आणि त्यात जांभळ्या, मोठ्या, आत गाठी गाठी असलेल्या पांढऱ्या पेशी. हेमाताई शेजारून सांगत होत्या. ह्या पेशी पुरत्या वाढून झाल्यावरच हाडातून बाहेर पडतात. ह्यातल्या काही अर्धवट आहेत. आत दाटी झाली की अशा कोवळ्याच बाहेर यायला लागतात.

मग कस्तुराबाईने डोळा लावला. एक हात टेबलाला धरून ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"हे माझं हाय?"

"तुमचंच. आजचं, सकाळचं."

"किती देखणं हाय," कस्तुराबाई म्हणाली. "जवसाच्या फुलावाणी. मला वाटलं काई तरी किडकं दिसंल."

हेमाताईंना बहुतेक हे वाक्य कुणी कधी ऐकवलं नव्हतं.

"त्या वाईट नाहीतच, आजी," त्या म्हणाल्या. "त्यांना थांबायचं कळत नाही, एवढंच. खोलातली तपासणी यायला वेळ लागेल, पण मला तिची वाट बघायची गरज नाही. वाढायला लागल्यात. आत्ता गोळी सुरू केली, तर पुन्हा आवरतील असं मला वाटतं, बहुतेकांचं तसंच होतं. नाही केली तर त्या वाढत जातील, आणि एक दिवस अशा बदलतील की कुठलीच गोळी त्यांना धरू शकणार नाही. मी गंगेशी भांडणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा. पण लवकर बघा."

परतीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. जालना गेलं, परतूर गेलं. ईश्वरीने मनाशी बरंच जुळवून ठेवलं होतं, ते एक एक करून काढलं.

"आत्याबाई, तुमी गंगाखेडला गेलात मंगळवारी. मी पोरीपाशी दवाखान्यातच होते. तिचा ताप सोमवारी संध्याकाळीच उतरला होता. इंजेक्शन लागू पडलं होतं."

कस्तुराबाईने विचार केला. "मी मंगळवारी येणार, हे तिला सोमवारी कळलं असंल."

समोरच्या बाकावरचा म्हातारा हसला. ईश्वरीलाही हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्यामुळे पुढचं सगळं विस्कटलं. पुजाऱ्याला विचारू, दान देऊ, असं काहीबाही ती बोलत राहिली आणि कस्तुराबाई प्रत्येकाला मान हलवत राहिली. "ते तुह्या सासऱ्याचं काम. कारलंवाल्याचं."

सेलू आलं. डब्यात शेंगावाला येऊन गेला. ईश्वरीला शिवकन्या दिसत होती, आताची नव्हे, मोठी झालेली, वेणी घातलेली, शाळेतून येणारी. ते बघता बघताच ती बोलली. समजवायचं म्हणून नाही बोलली, समोर दिसलं ते सांगितलं.

"ती मोठी होईल. तुमी नसाल. कुणीतरी तिला सांगेलच, गीताबाईला राहवणार आहे का. म्हणतील, तुझी आजी तुझ्यापायी गेली. मग ती घास खाईल तेव्हा तिला तेच आठवेल. पास झाली, लग्न झालं, लेकरू झालं, तरी तिच्या मनात येईल की हे सगळं कुणाचं तरी घेतलेलं आहे. तापातून ती मोकळी झाली, आत्याबाई. ह्यातून कशी होणार? मी तिची आई आहे. मला तरी सांगा, मी तिला तेव्हा काय सांगू?"

कस्तुराबाई खिडकीतून बाहेर बघत होती. कापसाच्या काळ्या पडलेल्या पऱ्हाट्या मागे पळत होत्या.

"मी कुणाला सांगितलंच न्हाई," ती म्हणाली.

"मला सांगितलंत. डॉक्टरांना सांगितलंत."

"तू इचारलंस म्हणून."

"तीही विचारेल. माझीच लेक आहे ती."

कस्तुराबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. परभणीचे दिवे दिसायला लागले तेव्हा तिने तोंड फिरवलं.

"हे माझ्या ध्यानात आलं न्हाई, बाई. मी निस्तं तिला वाचवायचं बघितलं. नंतर तिनं ते कसं वागवायचं, ते बघितलंच न्हाई." मग अगदी हळू, "इचारावं लागंल. उद्या जाऊ."

"आज गोळी घ्या, उद्या जाऊ."

"न्हाई. आधी इचारते. तिला न इचारता घेतली तर मी बी कारलंवालीच की."

ईश्वरीला ती रात्र फार लांब गेली. सकाळच्या पहिल्या एसटीने दोघी गंगाखेडला उतरल्या. सोबत शिवकन्या होती, पदरात गुरफटलेली, झोपाळलेली. दुरडीत दुधात मळलेल्या दशम्या होत्या, पाण्याची बाटली होती, आणि ईश्वरीच्या मुठीत गोळ्यांची पट्टी.

घाटाच्या वर चहाची टपरी होती. कस्तुराबाई तिथे थांबली. एक चहा सांगितला, बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्याली. मग आणखी एक सांगितला. ईश्वरीला नवल वाटलं, पण दुसरा कप पालथा घालून सासूने तो ज्या तऱ्हेने टपरीवाल्याच्या हातात दिला, त्यावरून तिला उमगलं. कस्तुराबाईला सकाळी चहा मिळाला नाही तर घरात कुणाची बोलायची टाप नव्हती. दवाखान्यात सुई घातली तेव्हाही तिने शुद्धीवर येऊन आधी चहाच मागितला होता.

नदीला थंडीचं पाणी होतं, संथ, वर धुक्याची वाफ. कस्तुराबाई घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. ओंजळ भरली. ईश्वरी पायरीवर पोरीला धरून होती, आणि सासूचा आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता. देवाशी बोलावं तसा तो नव्हता. शेजारणीशी बांधावरून बोलावं तसा होता.

"बाई, मी कस्तुरा. झरीची. मागं येऊन गेलते. तू माझ्या पोरीचं भलं केलंस, तुहे उपकार हायत. पण मी दिलं ते चुकीचं दिलं. ते पोरीवर वझं व्हायलंय. तेवढं माघारी दे. बदल्यात चहा घे. फसवाफसवी न्हाई, तुला माहीत हाय मला तो किती लागतो ते. आन् जर तुला पटत नसंल, तर आत्ताच सांग."

ती उभी राहिली. ओंजळीतलं पाणी बोटांमधून थेंब थेंब गळत होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी पाण्यात घातल्या. ईश्वरीला, बी.एस्सी. झालेल्या बाईला, खरोखर वाटत होतं की आता नदी काहीतरी बोलेल.

ओंजळ रिकामी झाली तशी कस्तुराबाई पायरीवर आली.

"काय म्हणाली?" ईश्वरीने विचारलं.

"काई न्हाई." कस्तुराबाईने ओल्या पायांवरून लुगडं खाली घेतलं. "न्हाई म्हणली न्हाई. दे दशमी."

तिने दोन दशम्या खाल्ल्या, शिवकन्येला तुकडे भरवत भरवत. मग हात पुढे केला. ईश्वरीने पट्टीतून गोळी काढून तळहातावर ठेवली, बाटली उघडून दिली. कस्तुराबाईने मान मागे टाकली. सैल पडलेल्या सावळ्या गळ्यावरून घोट उतरताना दिसला, आणि त्याच्यामागून दुसरा, तिसरा, बाटली अर्धी होईपर्यंत.

मग तिघी बसून राहिल्या. उलटी होत नाही ना, ते बघायला थोडं बसायचं असतं, असं ईश्वरी म्हणाली. पण तिची नजर सासूच्या पोटावर होती. आत्ता त्या अंधारात एक दाणा विरघळायला लागला असेल. त्याचे अगणित कण रक्तात उतरतील, धावत्या रक्तात, आणि कुणी वाट न दाखवता नेमक्या त्या चुकलेल्या पेशींपाशी जाऊन, नेमक्या त्याच खाचेत बसतील. कुठल्या तरी माणसांनी कुठल्या तरी खोलीत वर्षानुवर्षं बसून ही खाच शोधली होती, झरीच्या कस्तुराबाईचं नावही न ऐकता.

"आता कुठवर गेली असंल?" कस्तुराबाईने विचारलं.

"अजून पोटातच. मग रक्तात जाईल. मग हाडांत."

"कोणत्या हाडांत?"

"जिथं जिथं रक्त तयार होतं, तिथं. छातीच्या. मणक्याच्या. कमरेच्या."

कस्तुराबाईने कमरेवर, जिथे सुई घातली होती तिथे, तळहात ठेवला. शिवकन्येने आजीकडे बघितलं, आणि आपलाही चिमुकला हात नेऊन त्या हातावर ठेवला. तिघी तशाच वाट बघत बसल्या.